चि. अश्विनीस

तासगाव
रविवार, दुपार

चि. अश्विनी,
अनेक आशीर्वाद.

काल तू फोन ठेवलास, त्यानंतर मी परत लावला नाही. फोनवर माझा आवाज चढतो, मग तुझाही चढतो आणि मूळ गोष्ट बाजूलाच राहते. म्हणून लिहायला बसले. पप्पा बागेत आहेत. द्राक्षाची छाटणी उरकली, आज काड्यांना पेस्ट लावायला बायका आल्यात, त्यामुळे घरात कुणी नाही.

नोकरी सोड असं मी म्हणणार नाही. काल म्हटलं ते तोंडातून गेलं. फक्त एक विचारते, आणि पुन्हा विचारणार नाही. तुमच्या दवाखान्यात सोनोग्राफीला आलेल्या बायकांच्या सह्या कोऱ्या फॉर्मवर घ्यायच्या आणि रकाने संध्याकाळी भरायचे, हे कधीपासून चाललंय? किती सहज सांगितलंस तू. "गर्दी असते गं, मॅडमच म्हणाल्या, सह्या आधी उरकून घे." तुला ती दिवसभरातली एक साधी गोष्ट वाटली. मला रात्रभर डोळा लागला नाही.

तो फॉर्म एफ आहे, बाळ. बाईचं नाव, वय, आधीची मुलं किती, त्यात मुलगे किती, मुली किती, नवऱ्याचं नाव, पत्ता, कुणी पाठवलं, पाळीची शेवटची तारीख, सोनोग्राफी कशासाठी. आणि खाली तिचं प्रतिज्ञापत्र, की मला गर्भाचं लिंग जाणून घ्यायचं नाही. त्या खोलीत दार लावल्यावर काय झालं ते पडद्यावरून पुसलं जातं. मागे राहतो तो हा कागद. म्हणूनच कायद्यानं त्याला एवढं वजन दिलंय. गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या 1994 च्या कायद्यात कलम 4 मध्येच लिहिलंय की या नोंदीत त्रुटी किंवा चूक आढळली तर तो कलम 5 किंवा 6 चा, म्हणजे गर्भाचं लिंग तपासू नये, सांगू नये या कलमांचा भंग धरायचा, आणि तसं नाही हे सोनोग्राफी करणाऱ्यानं सिद्ध करायचं. स्त्रीरोगतज्ज्ञांची संघटना सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, की कारकुनी चुकीला गुन्हा म्हणू नका. 2019 मध्ये कोर्टानं ते मान्य केलं नाही. पहिल्या गुन्ह्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तू म्हणशील सही डॉक्टरची, फॉर्म डॉक्टरचा, मी नुसती रिसेप्शनला. पण अक्षर कुणाचं? तपासणीला पथक आलं की पहिला गठ्ठा तुझ्या टेबलावरचा उघडणार. आणि शिक्षेच्या कलमात केंद्राचा मालक आणि डॉक्टर यांच्याबरोबर तिथं नोकरीला राहून सेवा देणाऱ्याचाही उल्लेख आहे. वकील पुढे काय वाद घालायचा तो घालतील. पोलीस ठाण्याच्या बाकड्यावर बसायची वेळ त्याआधी येते.

बघ, आलेच मी तिथं. लिहायचं नाही ठरवलं होतं.

तुझ्या मॅडम वाईट आहेत असं माझं म्हणणं नाही. बहुतेक ठिकाणी घाईच असते, पाप नसतं. पण घाईत भरलेला फॉर्म आणि पाप लपवायला भरलेला फॉर्म कागदावर सारखेच दिसतात. म्हैसाळ तुमच्यापासून किती लांब? 2017 चा मार्च आठवतो ना, तू शाळेत होतीस. बेकायदा गर्भपातात एका बाईचा जीव गेला तेव्हा पोलिसांनी शोध घेतला आणि एकोणीस गर्भ सापडले. मी कामाला होते त्या रुग्णालयात त्या आठवड्यात कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे 2001 ला 913 मुली होत्या, 2011 च्या जनगणनेत 894 झाल्या. आणि देशात असा पहिला कायदा करणारं राज्य आपलंच, 1988 साली.

तू पोटात होतीस तेव्हाची गोष्ट तुला कुणी सांगितली नसेल. थोरली झालेली होती. आत्याबाईंकडे जेवायला गेलो होतो, पुरणपोळी होती. त्या म्हणाल्या, एक ठिकाण आहे, मशीन लावून लगेच सांगतात, विचारून तर बघू. मी हात तसाच ठेवला. पप्पा काहीच बोलले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतला, गाडीला किक मारली आणि मला म्हणाले, बस. वाटेत मणेराजुरीच्या चढाला गाडी थांबवून त्यांनी फक्त विचारलं, पोटात दुखत तर नाही ना? तू झालीस तेव्हा लोक जिलबीची वाट बघत होते. त्यांनी साऱ्या गल्लीत पेढे वाटले. त्या माणसाची मुलगी आज फॉर्म एफच्या टेबलावर बसते, याचा मला अभिमान आहे. भीती वाटते ती वेगळी, पण अभिमान आहे.

म्हणूनच बाहेर बाकावर बसलेली सासू किंवा नणंद तुला "पेढे का जिलबी?" असं हळूच विचारेल तेव्हा हसूसुद्धा नकोस. कायद्यात शब्द आहेत, शब्दांनी, खुणांनी किंवा दुसऱ्या कोणत्याही प्रकारे. हसण्याचा अर्थ लोक आपल्या सोयीनं लावतात. आत काय दिसलं ते तुला ठाऊकच नसतं, हेच उत्तर.

दुसरी गोष्ट माहितीची. शकूमावशीचा तुला फोन आला होता हे मला कळलंय. तिच्या पुतण्याला सांगून आलेल्या मुलीचं नाव तुमच्या रजिस्टरात आहे का, एवढंच तर विचारलं, असं ती मला म्हणाली. तू "नाही सांगता येणार" म्हणालीस, ती चिडली. चिडू दे. तू केलंस ते अगदी बरोबर केलंस. मावशीला मी बघून घेईन. तुमच्याकडे गर्भपाताचीही नोंद असते. ते रजिस्टर गुप्त असतं, आणि गर्भपाताच्या कायद्यात 2021 ला झालेल्या दुरुस्तीनंतर त्या बाईचं नाव बाहेर सांगणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. एचआयव्हीच्या रिपोर्टचं तसंच, त्यासाठी 2017 चा वेगळा कायदा आहे. केसपेपरच्या खिडकीत बसून मला अर्ध्या तालुक्याचे आजार ठाऊक होते. बाजारात भेटलेल्या बाईला "आता बरं आहे का?" हेसुद्धा मी विचारत नसे, कारण शेजारी तिची जाऊ उभी असायची. तू रिपोर्टचे फोटो स्वतःच्या मोबाइलवरून पाठवतेस असं मागे म्हणाली होतीस. ते बंद कर. दवाखान्याचा फोन असेल त्यावरून, आणि फक्त पेशंटच्या नंबरवर. नवऱ्याच्या नंबरवर पाठवा असं तिनं सांगितलं तरच तिकडे.

आणि संमतीच्या कागदावर आईची सही चालते असं तिथं सगळे म्हणतात ना? सज्ञान, शुद्धीवर असलेल्या बाईची सही तिचीच. 2008 ला सुप्रीम कोर्टात समीरा कोहली यांचा खटला झाला. नुसत्या तपासणीला म्हणून भूल दिली होती, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन गर्भाशयच काढलं. कोर्टानं सांगितलं, ती संमती संमतीच नव्हे. मी तुझी आई आहे, तुझ्यासाठी जीव देईन, पण तुझ्या वतीनं तिथं सही करायचा हक्क मलाही नाही. अडलेली बाई दारात आली तर आधी आत घ्यायची, डिपॉझिट नंतर, हे मात्र तुला शिकवायला नको. परवाच्या त्या ऊसतोडणीच्या बाईचा हात धरून तू लेबर रूमपर्यंत गेलीस, हे तू एका वाक्यात सांगून विषय बदललास. मी पप्पांना दोनदा सांगितलं.

फार लांबलं, आणि भाषण झालं. राग मानू नको. तुला सगळं येतं, हे मला कळतं. माझ्या मनातून तो गठ्ठा जात नाही, एवढंच.

तर उद्या एक कर. मॅडमना एकटं गाठ, चारचौघांत नको. तक्रार म्हणून बोलू नकोस, "मॅडम, रकाने भरून, वाचून दाखवून मगच सही घेते, त्यासाठी बायकांना थोडं आधी बोलवू," असं म्हण. एखादा रकाना लागू नसेल तर तसं लिही, मोकळा सोडू नकोस. अंगठा असेल तर साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव घालू नकोस. जुने अर्धवट फॉर्म मनानं, आठवून भरू नकोस, कुणीही सांगितलं तरी. ते मॅडमच्या हातात दे. दर महिन्याच्या पाच तारखेपर्यंत अहवाल जातो, म्हणजे दिवस थोडेच आहेत. त्या "हो" म्हणाल्या तर माझं काही म्हणणं नाही, कर नोकरी, खुशाल कर. "तू सही घे, बाकीचं मी बघते" असं म्हणाल्या तर त्याच दिवशी पर्स उचल आणि साडेपाचची एसटी धर. पगाराचं पप्पांशी बोलून झालंय.

काय म्हणाल्या ते कळव. माझ्याशी बोलायचं नसेल तर पप्पांच्या फोनवर कळव, ते मला सांगतील.

तुझी
आई