शनिवारी गुणलेखनाचा सराव

सर्व सभासदांना सूचना : येत्या शनिवारी संध्याकाळी ६ वाजता क्लबच्या हॉलमध्ये २०२५ च्या पीडीसी जागतिक डार्ट्स स्पर्धेच्या अंतिम सामन्याचे रेकॉर्डिंग लावून हाताने गुण लिहायचे आहेत. ल्यूक लिटलरने मायकेल व्हॅन गेरवेनला ७-३ हरवले. पहिले चारही सेट त्याचेच. निकाल ठाऊक असला म्हणून डुलक्या नकोत.

- कागद-पेन आणा. कॅल्क्युलेटर चालणार नाही.
- लेग (एक डाव) ५०१ पासून वजा करत शून्यापर्यंत, शेवट डबलवर (दुप्पट गुणांचे बाहेरचे अरुंद कडे) किंवा बुलवर (फळ्याचा मधला ठिपका). ३ लेग जिंकले म्हणजे सेट.
- १ उरला, शून्याखाली गेले किंवा डबल वा बुलविना शून्य झाले की बस्ट, म्हणजे ती फेरी (तीन बाणांची पाळी) बाद : फेरीआधीची शिल्लक जशीच्या तशी लिहा. बहुतेक जण इथेच त्या फेरीतल्या आधीच्या बाणांचे गुण वजा करून बसतात आणि पुढचा सगळा लेग चुकतो.
- सरासरी काढताना शेवटच्या फेरीत टाकले तेवढेच बाण मोजा.