विजापूर बघून आल्यावर

सोलापूर

चि. अनूस,
अनेक आशीर्वाद.

भाऊबीजेला ओवाळून तू रात्रीच्या गाडीने पुण्याला गेलीस आणि दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही विजापूरला निघालो. सबमिशनपुढे कुणाचं चालत नाही हे मान्य, पण या खेपेला तू हवी होतीस. तुझ्या आईला जुन्या इमारतींचा कंटाळा, तुझ्या भावाच्या डोक्यात चौथीच्या पुस्तकातला अफजलखान, आणि आजीचं सगळं लक्ष डब्याकडे. मी जे बघत होतो ते बोलायला कुणी नव्हतं. फोनवर सांगायला गेलो तर तू नुसतं 'हो बाबा, हो बाबा' करतेस, म्हणून लिहितो.

टाकळीजवळ भीमा ओलांडली की पाट्या कानडी होतात. बाकी रान काळं ते काळंच, आणि चहावाला आपल्याशी मराठीतच बोलतो. झळकीला चहा घेतला. पुढे विजापूर यायच्या कितीतरी आधी गोल घुमट दिसायला लागतो, आणि मग बराच वेळ जवळच येत नाही.

लवकर पोहोचायचा हट्ट माझा. सुट्टीच्या दिवसांत सहलींच्या बस लागल्या की वरच्या सज्जात उभं राहवत नाही. एक हाक सात-आठ वेळा परत येते तिथे शंभर पोरं ओरडली तर काय होईल, तूच बघ. आजी खाली हिरवळीवर बसली, आम्ही कोपऱ्यातल्या मनोऱ्याच्या जिन्याने वर चढलो. पायऱ्या उंच आणि अरुंद. तुझा भाऊ पळत पलीकडच्या बाजूला गेला आणि भिंतीकडे तोंड करून गुपचूप खिशातलं चॉकलेट सोडायला लागला. इकडे आई भिंतीला कान लावून बसलेली, तिला कागदाची चुरचुर स्वच्छ ऐकू आली. "नाश्त्याआधी चॉकलेट? खाली चल, बघते तुला," ती भिंतीशीच पुटपुटली. तो पलीकडे असा दचकला की विचारू नकोस. मग दोघं कितीतरी वेळ घुमटाच्या दोन टोकांना बसून भांडत होते. आई कंटाळली नाही, याची नोंद घे.

मी आपला वर बघत होतो. सगळा जन्म सेंट्रिंग आणि स्लॅब यांत गेला, त्यामुळे छत दिसलं की आधी टेकू कुठे लावले असतील हेच मनात येतं. खालचं दालन साधारण १३५ फूट चौरस आणि मध्ये एक खांब नाही. वीस फुटांच्या स्लॅबला आपण किती बल्ल्या लावतो ते तू साइटवर मोजलेलं आहेस. इथे त्यांनी केलंय काय, तर भिंतींतून निघालेल्या आठ कमानी एकमेकींना छेदून आत झुकवल्यात. एक चौकोन सरळ आणि दुसरा त्यावर तिरपा काढलास तर जी आकृती होते ती. त्यामुळे वर जाईपर्यंत १३५ फुटांचं तोंड ९७ फुटांवर येतं. आणि घुमट त्या तोंडाच्या काठावर ठेवलेलाच नाही! तो मागे सरकवून बसवलाय, आतून १२४ फूट व्यासाचा. मधली जी जागा उरली तिथेच आपण कान लावून बसतो. घुमट भिंतींना बाहेर रेटणार आणि आत झुकलेल्या कमानींचं वजन आत ओढणार, दोन्ही एकमेकांना धरून. वर सगळी वीट आणि चुना, जाडी दहा फुटांच्या आसपास. एवढ्या उंचीवर त्यांनी फळ्या-टेकू लावले असतील की थरावर थर चढवत बिनसेंट्रिंगचं नेलं असेल, हे तुझ्या सरांना विचार आणि मला कळव.

खाली आल्यावर कबरीपाशी भावाचा प्रश्न तयार होता : "अफजलखानाला पाठवणारा आदिलशहा तो हाच का?" नव्हे. हा मुहम्मद. हा १६५६मध्ये गेला आणि अफजलखान निघाला १६५९मध्ये, याचा मुलगा अली गादीवर असताना. उलट निजामशाही बुडाल्यावर १६३६मध्ये शहाजीराजे आले ते याच मुहम्मदाच्या चाकरीत. १६४८मध्ये जिंजीपाशी त्यांना कैद झाली तीही याच्याच राज्यात, आणि वर्षभरात सुटून पुन्हा चाकरी सुरू. "मग ते आपल्या बाजूचे की त्यांच्या?" टांग्यात बसेपर्यंत तो हेच विचारत होता. त्याला दोनच बाजूंचा इतिहास शिकवलाय, पोराचा काय दोष? मी म्हटलं, मोठा झालास की बाजू मोजायला बोटं पुरणार नाहीत.

बारा कमानला त्याचं समाधान झालं. अलीने स्वतःसाठी बापापेक्षा मोठी कबर काढायला घेतली होती. तो १६७२मध्ये गेला आणि नुसत्या कमानी उभ्या राहिल्या, वर आभाळ. "बरं झालं," भाऊ म्हणाला. आजीने लगेच दटावलं, मेलेल्या माणसाला बरं झालं म्हणू नये.

मलिक-ए-मैदान तोफ मात्र त्याच्याइतकीच मलाही आवडली. ५५ टन, तोंडाशी जबडा उघडलेलं जनावर आणि त्याच्या दातांत हत्ती. ही ओतली १५४९मध्ये आपल्या अहमदनगरला, मग परांड्याच्या किल्ल्यावर होती, तिथून १६३२मध्ये इकडे आणली. परांड्याहून विजापूर, ओढे-नाले ओलांडत! आपल्याला साधा मिक्सर साइटवर चढवताना घाम फुटतो. १८५४मध्ये इंग्रज साहेबाने जुन्या सामानाबरोबर तिचा लिलाव काढला, तर बोली आली दीडशे रुपये. एवढ्यात देणं त्यालाही पटलं नाही, म्हणून ती राहिली.

दुपारी एका खानावळीत ज्वारीची भाकरी, भरली वांगी, शेंगाचटणी. आजी म्हणाली, यासाठी एवढं लांब कशाला यायचं?

तुला सांगायचंय ते खरं पुढचंच. विजापूर म्हणजे गोल घुमट आणि परत, असं तू परवा म्हणालीस. इब्राहिम रोजा बघितल्याशिवाय असं बोलू नकोस. मुहम्मदाच्या बापाची, दुसऱ्या इब्राहिमची ही कबर. एका चौथऱ्यावर इकडे कबर, समोर मशीद, मध्ये हौद. आकाराने घुमटापुढे काहीच नाही, पण छज्जाखाली एकाच दगडातून सोडवलेल्या कड्यांच्या साखळ्या लोंबतात. खिडक्यांना जाळी नाही, अक्षरं आहेत. दगड असा कापलाय की अक्षर राहिलं आणि उजेड मधल्या फटींतून आत येतो. मी एका खिडकीत बोट घालून जाडी बघत होतो, तर रखवालदार ओरडला. आतली खोली चाळीसेक फूट चौरस आणि वर सपाट दगडी छत. कमान नाही, तुळई नाही, खांब नाही. कडेला थोडा बाक, मग शिळेला शिळा भिडवून सरळ. गोल घुमटाचं गणित मला मांडता येतं. हे येत नाही. मान दुखेपर्यंत बघितलं.

हा इब्राहिम गाण्यातला माणूस. गाण्यावर त्याने दखनी भाषेत पुस्तक लिहिलं आणि त्यात सरस्वतीला आणि गणपतीला वंदन केलं. हे ऐकल्यावर आजीने कबरीला हात जोडले. आणि दाराच्या लेखात मलिक संदलचं, म्हणजे बांधणाऱ्याचं नाव आहे. मी इतक्या इमारती उभ्या केल्या, कोनशिलेवर नाव नेहमी उद्घाटनाला आलेल्याचं. त्यामुळे जरा जास्तच वेळ तिथे उभा होतो.

जामा मशीद आणि उपली बुरूज राहिले. जानेवारीत सबमिशनं आटोपली की मैत्रिणींना घेऊन ये, गाडी मी काढतो. येताना मोजायचा लेसर आण आणि स्केचबुकही आण, त्या खिडक्या फोटोत नीट येत नाहीत. शंकरपाळ्यांचा डबा तू ओट्यावरच विसरलीस, आई तो कुरियरने पाठवते आहे. रात्री जागणं कमी कर.

तुझा,
बाबा