अंड्याची वरची बाजू वरच ठेवायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सादर नमस्कार.

तुम्ही वेळासचे कासवमित्र, म्हणजे समुद्री कासवांची घरटी राखणारे, आणि मी दापोली तालुक्यातल्या एका लहानशा किनारी गावातली प्राथमिक शिक्षिका. आपली ओळख झाली ती आमच्या हातून वाया गेलेल्या एका घरट्यामुळे. त्या वर्षी जानेवारीत शाळेच्या मुलांना पुळणीवर ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवाच्या मादीची वल्ह्यांची, म्हणजे वल्ह्यासारख्या पायांची, खूण दिसली होती. कुत्री वाळू उकरू लागली होती, म्हणून घाबरून, कोणालाही न विचारता, आम्ही भर दुपारी अंडी काढली, पिशवीत भरली आणि सुरूच्या बनाजवळ खड्डा करून पुरली. साठ दिवस उलटले तरी एकही पिल्लू वर आले नाही. अखेर मी तुम्हाला फोन केला, तेव्हा रडूच आले होते.

दुसऱ्याच दिवशी दोन एस.टी. बदलून तुम्ही आलात. आधी वनरक्षकांना बोलावून घेतलेत, कारण कासव हा वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे आणि वनविभागाला कळवल्याशिवाय त्याच्या घरट्याला हात लावायचा नसतो, हे आम्हाला त्या दिवशी प्रथम समजले. मग त्यांच्या समक्ष घरटे उघडून एकेक अंडे मुलांसमोर फोडलेत. बहुतेक अंड्यांत जीव धरला होता आणि तिथेच थांबला होता. माझ्या हातातली पेन्सिल घेऊन तुम्ही एका अख्ख्या अंड्यावर बारीक ठिपका दिलात आणि म्हणालात, "ही बाजू वर होती, ती वरच राहायला हवी होती." अंडी घातल्यानंतर काही तासांतच गर्भ कवचाला वरच्या बाजूने आतून चिकटतो, त्यानंतर अंडे फिरले की तो दगावतो, ही गोष्ट मी कोणत्याही पुस्तकातून इतकी नीट शिकले नसते. तुम्ही आम्हाला बोल लावला नाहीत. मुलांच्या मनात अपराधाची टोचणी राहू नये म्हणून तुम्ही जी काळजी घेतलीत, तिच्यासाठी मी तुमची कायमची ऋणी आहे.

पुढच्या हंगामात तुम्ही चार रात्री आमच्याकडे राहिलात. मादीने मागच्या वल्ह्यांनी केलेला खड्डा वर अरुंद आणि खाली मडक्यासारखा फुगीर असतो. आपला खड्डाही तसाच, तेवढाच खोल झाला पाहिजे, हे सांगताना तुम्ही कोपरापर्यंत हात वाळूत घालून आतली गोलाई मुलांना बोटांनी चाचपायला लावलीत. वरची कोरडी वाळू आत पडू न देता खालची ओलसर वाळूच अंड्यांभोवती घालायची, अंडी काढायची ती पहाटेच आणि ज्या क्रमाने निघाली त्याच्या उलट क्रमाने ठेवायची, हे सारे आम्ही वहीत लिहून घेतले आहे.

परंतु हे पत्र जाहीरपणे लिहावे असे वाटले ते आमच्या गावातल्या एका आजोबांमुळे. वर्षानुवर्षे ते कासवाची अंडी काढून विकत असत, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. आमच्या बैठकीत ते मागे उभे होते आणि कोणीतरी त्यांच्याकडे बोट दाखवून बोलू लागले. तुम्ही त्याला थांबवलेत, लहानपणी आपणही ही अंडी खाल्ली आहेत असे सर्वांसमोर सांगितलेत आणि आजोबांना विनंती केलीत, "घरटे कसे ओळखायचे ते आम्हाला दाखवाल का?" त्या पहाटे आजोबा भरतीरेषेच्या वरून अनवाणी चालत गेले, एका जागी टाचेने वाळू दाबून पाहिली आणि म्हणाले, "इथं भुसभुशीत लागतंय." मादी अंडी झाकून अंगाने वाळू थापटते, खुणाही विस्कटते, आम्ही तासभर शोधूनही जे सापडले नसते ते त्यांच्या टाचेला कळले. त्या घरट्यात एकशे बारा अंडी होती. आज आमच्या पुळणीवरचा पहिला कासवमित्र म्हणून लोक आजोबांचेच नाव घेतात, आणि हे तुमच्या एका प्रश्नामुळे घडले, असे मी मनापासून मानते.

वेळासला २००२ मध्ये चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने भाऊ काटदरे यांच्या पुढाकाराने हे काम सुरू केले, तेव्हा गावकऱ्यांचा विश्वास कमावणे हेच मोठे काम होते, असे तुम्ही म्हणाला होतात. पुढे पिल्ले समुद्रात जाताना पाहण्याचा कासव महोत्सव सुरू झाला, पाहुणे घरोघरी राहू लागले आणि कासवामुळे गावात चार पैसे येऊ लागले. हे सगळे खरेच आहे. पण आमच्याकडे अजून एकही पाहुणा येत नाही आणि तरीही लोक पहाटे उठतात, म्हणून पैशाच्या आधी माणसाला मान द्यावा लागतो, हे तुमचे म्हणणे मला अधिक पटते. आमच्या खलाशांशी बोलतानाही तुम्ही तसेच वागलात. जाळ्यात अडकलेले कासव सोडवण्यासाठी जाळे कापावे लागले, तर शासन २०१८ पासून पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देते, हे सांगण्याआधी जाळे विणायला किती दिवस लागतात, हे तुम्ही त्यांच्याच तोंडून ऐकून घेतलेत.

यंदा आमच्या हॅचरीत, म्हणजे अंडी जपण्यासाठी कुंपण घातलेल्या जागेत, चार घरटी आहेत. कुंपणाची जाळी कोल्ह्यांसाठी फूटभर खाली पुरली आहे आणि पिल्ले उजेडाच्या दिशेने वळतात म्हणून किनाऱ्याकडच्या घरांनी रात्री बाहेरचे दिवे बंद ठेवण्याचे मान्य केले आहे. पहिल्या घरट्याचा आज सत्तेचाळिसावा दिवस आहे. मधली वाळू किंचित खचल्यासारखी दिसते, म्हणजे पिल्ले वर यायची वेळ जवळ आली, म्हणून आजोबांनी काल संध्याकाळी त्यावर टोपली पालथी घातली आणि आता ते सकाळ-संध्याकाळ तिथेच असतात. ही टोपली उचलायला तुम्ही असावे, अशी त्यांची फार इच्छा आहे. निघताना फोन करा. स्टँडवर मुले येतील.

आपली कृतज्ञ,
गावच्या शाळेतील बाई