स्कूटर चौकटीत, दंड चौकटीबाहेरचा

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक सेवा विभाग

विषय : जागेवर लावलेल्या स्कूटरला झालेला दंड आणि भररस्त्यात आपोआप कमी झालेला वेग

महोदय,

गेल्या मंगळवारी संध्याकाळी मी तुमच्या ॲपवरून भाड्याने घेतलेली स्कूटर ठरलेल्या पार्किंगच्या चौकटीत लावली. पुढचं चाक पांढऱ्या पट्टीपासून चांगलं हातभर आत होतं. स्टँड लावून ‘राइड संपवा’ दाबलं, तर ॲप म्हणतं, ‘तुम्ही पार्किंग क्षेत्राबाहेर आहात.’ नकाशात पाहिलं तर स्कूटर शेजारच्या इमारतीच्या पोटात! भिंत फोडून मी ती आत नेली, असं तुमच्या यंत्रणेला वाटलं असावं.

पुढची अकरा मिनिटं मी ती स्कूटर दोन पावलं पुढे, चार पावलं मागे अशी ढकलत होते. येणारेजाणारे बघत होते. ठिपका कधी रस्त्याच्या मधोमध, कधी पुन्हा इमारतीत. भाड्याचं मीटर अर्थातच चालू. शेवटी ॲपने फोटो मागितला, तो दिला आणि राइड बंद झाली. फोटोत चौकट, पट्टी, स्कूटरचा नंबर, सगळं स्पष्ट दिसतं. तरी रात्री दंड कापल्याचा मेसेज आलाच. तक्रार केली तर उत्तर एका ओळीचं : ‘जीपीएसनुसार वाहन हद्दीबाहेर होते.’ मग फोटो मागवता कशाला?

आता त्या जीपीएसचंच बोलू. हे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर. त्यांचा संदेश पोहोचायला किती वेळ लागला, त्यावरून अंतर काढतात. वेळ मोजताना एका मायक्रोसेकंदाची गफलत झाली, तर अंतरात ३०० मीटरचा फरक पडतो. मोकळ्या आभाळाखालीही साध्या फोनची जागा पाचेक मीटर इकडेतिकडे होते. उंच इमारतींच्या मध्ये तर संदेश भिंतींवर आपटून लांबच्या वाटेने येतो आणि चूक आणखी वाढते. तुमची चौकट जेमतेम दोन मीटर रुंद. इतक्या ढिल्या मापाने तिचा न्याय करायचा आणि वर पैसे कापायचे, हे कुठल्या हिशेबात बसतं? उपग्रहाचा संदेश पकडणारा रिसीव्हर जागेसोबत ती किती चुकलेली असू शकते याचा अंदाजही देतो. तो तुम्ही दंड लावताना बघता का, एवढं तरी कळवा.

हद्दी आखायला माझा विरोध नाही, हेही लिहून ठेवते. फुटपाथवर आडव्या पडलेल्या स्कूटरी ओलांडत मीही चालले आहे, आणि काठी घेऊन चालणाऱ्याचे काय हाल होत असतील ते कळतं.

दंडाचं एकवेळ सोडून दिलं असतं. पण त्याच्या आदल्या आठवड्यात बागेच्या कडेने मुख्य रस्त्यावरून जाताना स्कूटर अचानक मंदावली. ब्रेक मी लावला नव्हता. स्क्रीनवर ‘मंद गती क्षेत्र’ आलं होतं, आणि मागच्या बसचा हॉर्न अगदी पाठीशी वाजला. मंद गती बागेतल्या वाटेसाठी असणार, रस्त्यासाठी नव्हे. तुमची रेषा कुंपणाला चिकटून आखली असेल, तर ठिपका दोन मीटर सरकला तरी रस्त्यावरचा माणूस बागेत जमा. रेषा कुंपणापासून आत घ्या, आणि वेग झटक्यात न पाडता हळूहळू उतरवा. ही तक्रार मला पैशांपेक्षा मोठी वाटते.

पार्किंगला उपाय आहेत. दोन फ्रिक्वेन्सींवर चालणारा रिसीव्हर इमारतींमध्ये बराच बरा चालतो. तो महाग पडत असेल तर चौकटीपाशी क्यूआर कोड लावा, आम्ही स्कॅन करू.

दंड आणि त्या अकरा मिनिटांचं भाडं परत करावं. बागेजवळची हद्द तपासून काय बदललं तेही कळवावं. फोटो, नकाशाचे स्क्रीनशॉट आणि दोन्ही राइडच्या पावत्या सोबत जोडल्या आहेत. या वेळी फोटो उघडून पाहणाऱ्या माणसाचं उत्तर यावं, ही विनंती.

आपली,
एक नियमित ग्राहक