कोंब लवकर आले म्हणून काळजी नको

अ‍ॅमस्टेलवीन, नेदरलँड्स,
29 नोव्हेंबर

ती. आई आणि बाबा,
सा. न.

परवा व्हिडिओ कॉलवर मागच्या अंगणात फुलांच्या कांद्यांना आलेले कोंब दाखवले तेव्हापासून बाबांचे मेसेज थांबेनात. ‘माती ओढ’, ‘पेंढा घाल’, आणि रात्री झोपायच्या आधी, ‘बर्फ पडला तर सगळं गेलं समज’. फोनवर आवाज तुटत होता, त्यात आई मध्येच कुकर बंद करायला उठली. म्हणून सगळं नीट लिहून पाठवतेय. प्रिंट काढून वाचा.

एक तर वर आलेलं सगळं एका जातीचं नाही. कुंपणाशी गवतासारखी लोळणारी बारीक पाती मस्कारीची आहे. ती हिवाळ्याच्या आधीच पानं काढते, थंडीभर तशीच पडून राहते आणि निळे घोस वसंतात देते. तिचं वेळापत्रकच तसं. दाराजवळची बोटभर उंचीची, बोथट टोकं मात्र डॅफोडिलची, आणि ती खरंच घाईत आहेत. यंदा नोव्हेंबर उबदार गेला. शिवाय तो पट्टा स्वयंपाकघराच्या दक्षिणेकडच्या भिंतीला लागून आहे, दुपारी जे काही थोडं ऊन पडतं त्यानं विटा तापतात. ट्युलिप अजून मातीखाली गप्प आहेत. ते मी याच महिन्यात लावले. माती गार झाल्यावर लावले की बुरशी कमी लागते.

डॅफोडिलची पानं काटक असतात. हिमानं टोकं करपतील, तेवढंच. फूल अजून कांद्याच्या पोटात आहे, आणि ते तिथे उन्हाळ्यातच तयार झालंय. बहर सरल्यावरही पानं हिरवी असतात, तेव्हा कांदा पुढच्या वर्षाची शिदोरी भरून घेतो. म्हणूनच तेव्हा ती पिवळी पडेपर्यंत मी कापत नाही. अंगण कितीही गबाळं दिसलं तरी. तर बाबा, माती ओढणार नाही, आणि उकरून पुन्हा खोल लावणं तर नाहीच. कोंबाच्या आधी मुळं सुटलेली असतात, ती तुटतील. फारच कडाक्याची थंडी येणार असं कळलं तर झाडलेली सुकी पानं वर पसरेन.

खरं सांगायचं तर मला बर्फाची भीती नाही, तो पडला नाही तर काय याची आहे. हे तुम्हाला मी काय सांगणार! दर वर्षी कलमांकडे बघून तुम्हीच म्हणता, ‘थंडी नाय तर मोहोर खंयसून येतलो?’ पाऊस लांबला की हापूसला मोहोराऐवजी पालवी फुटते, आणि तुम्ही दिवसभर कोणाशी धड बोलत नाही. ट्युलिपचंही थंडीवाचून अडतं, फक्त त्याला ती जास्त लागते: साधारण 12 ते 16 आठवडे चांगला गारवा. तो कमी पडला तर दांडा वाढत नाही, फूल पानांतच अडकतं किंवा आतल्या आत सुकतं. श्रीनगरची ट्युलिप बाग बघताना तुम्ही विचारलं होतं ना, हे देवगडात का नाही होणार? ते यामुळे. तेव्हा कोंब राहू देत, डिसेंबर-जानेवारी थंड जाऊ दे एवढं म्हणा.

आई, तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही, डॅफोडिलची पात कांद्याच्या पातीसारखी दिसली तरी तिची पीठ पेरून भाजी करायची नाही. डॅफोडिल सगळाच विषारी, कांदा तर सर्वांत जास्त. उंदीरसुद्धा त्याला तोंड लावत नाहीत. ट्युलिपवर मात्र ते तुटून पडतात, म्हणून त्या वाफ्यावर मी जाळी टाकली आहे. ट्युलिपचे कांदे इथे माणसांनीही खाल्लेत, 1944-45 च्या हिवाळ्यात, हा भाग अजून जर्मनांच्या ताब्यात असताना, दुसरं काही मिळेना तेव्हा. आमच्या शेजारच्या आजी त्या वेळी अगदी लहान होत्या. बागेबद्दल तासभर बोलतील, पण हा विषय निघाला की चहाचं विचारतात.

आता तिकिटांचं. मार्चमध्ये यायचं काढू नका. कॉयकेनहोफची बाग मार्चच्या उत्तरार्धात उघडते खरी, पण ट्युलिपचा भर एप्रिलच्या मध्यापासून असतो, आणि मार्चातला इथला वारा आईला सोसणार नाही. आमचे घाईतले डॅफोडिल तोवर आटोपलेले असतील, त्यांचे फोटो पाठवेन. आणि बाबा, गुलछडीचे कांदे बॅगेत लपवून आणायचे नाहीत. लावायच्या कंदांना वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं, विमानतळावर काढून घेतील. त्या जागी कुळथाचं पीठ आणि आमसुलं भरा. तिकीट काढताना आईसाठी व्हीलचेअर सांगून ठेवतेय. ‘मला काय झालंय?’ असं म्हणायचं नाही. इथल्या विमानतळावर खूप चालावं लागतं, आणि दुखरा गुडघा घेऊन तुला बागेतही हिंडायचंय.

तुमची,
लाडकी (आणि हट्टी) लेक