स्वसंरक्षण वर्ग आणि ‘रात्रसोबत’ उपक्रमासाठी घणसोली–कोपरखैरणे परिसरातील रहिवाशांना आवाहन

सप्रेम नमस्कार.

सोनसाखळी ओढून नेणे, बंद घर फोडणे आणि स्टेशनपासून घरापर्यंत मुलींचा पाठलाग करणे अशा तक्रारी मंडळाच्या मासिक सभेत आता वरचेवर येऊ लागल्या आहेत. आपल्या वसाहतीतील अनेक घरांत कर्ता पुरुष माथाडी कामगार असून भाजी मार्केटच्या कामासाठी तो मध्यरात्रीनंतरच घराबाहेर पडतो, तर महापे आणि रबाळे येथील कंपन्यांत दुसऱ्या पाळीला असलेल्या महिला आणि मुली त्याच सुमारास घरी परतत असतात. म्हणजे ज्या वेळी सोबतीची गरज सर्वाधिक, नेमक्या त्याच वेळी घरात सोबतीला कोणी नसते. ही अडचण एकेका कुटुंबाने आपापल्या परीने सोडवण्याजोगी नाही, म्हणून मंडळाने दोन उपक्रम हाती घेण्याचे ठरवले असून त्यासाठी आपले आर्थिक आणि प्रत्यक्ष सहकार्य हवे आहे.

प्रथम एक खुलासा करणे आवश्यक आहे. प्रत्येक गल्लीतील तरुणांच्या हाती काठ्या देऊन वर्गणीतून रात्रीची गस्त सुरू करावी, अशी सूचना सभेत आली होती आणि तिला पाठिंबाही बराच होता. कार्यकारिणीने ती स्वीकारली नाही. मूल पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे जमावाने भिक्षा मागण्यासाठी आलेल्या पाच निरपराध माणसांचा जीव घेतला, आणि एप्रिल 2020 मध्ये पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे अशाच अफवांच्या दिवसांत रात्री गाडी अडवून दोन साधू आणि त्यांच्या चालकाला ठार मारण्यात आले. दोन्ही ठिकाणच्या लोकांच्या मनातील भीती खरी होती. हातून घडला तो मात्र खून. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली वेळोवेळी निघणाऱ्या मनाई आदेशांत शस्त्रांबरोबर लाठ्याकाठ्या बाळगण्यावरही बंदी असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक नसते. म्हणून या निधीतील एकही रुपया काठी किंवा अन्य हत्यारावर खर्च होणार नाही.

पहिला उपक्रम स्वसंरक्षण वर्गाचा आहे. समाजमंदिरात आठवड्यातून तीन संध्याकाळी, सहा महिने, मुली आणि महिलांसाठी एक आणि शाळकरी मुलामुलींसाठी एक असे दोन वर्ग चालतील. पट्टे आणि पदके मिळवून देणारे कराटे शिकवणे हा यामागचा हेतू नाही. मनगट धरले गेल्यास समोरच्याच्या अंगठ्याच्या बाजूने, म्हणजे पकड सर्वांत कच्ची असते त्या दिशेने, हात कसा सोडवावा. ढकलले गेल्यास हनुवटी छातीशी घेऊन डोके न आपटता कसे पडावे. मुठीऐवजी तळहाताच्या टाचेने नाकावर आघात करून पळण्यापुरता अवधी कसा मिळवावा, इतकेच पण अंगवळणी पडेपर्यंत शिकवले जाईल. ओरडण्याचाही सराव घेतला जाईल, आणि आमच्या मते तो सर्वांत महत्त्वाचा आहे, कारण चारचौघांत मोठ्याने ओरडण्याचा संकोच हाच अनेक मुलींच्या वाटेतला पहिला अडथळा असतो. गर्दीत नुसते ‘वाचवा’ म्हटले तर प्रत्येक जण दुसऱ्याकडे बघतो. त्याऐवजी ‘निळ्या शर्टवाले काका, याला अडवा’ असे एकाच माणसाला उद्देशून म्हटले तर तो माणूस हलण्याची शक्यता वाढते. साखळी किंवा पर्स ओढली गेल्यास ती धरून ठेवू नये, हेही आम्ही आग्रहाने सांगणार आहोत. मोटारसायकलबरोबर फरफटत जाण्याइतके मोल कोणत्याच दागिन्याला नाही.

कायद्याची माहिती देणारी दोन सत्रेही ठेवली आहेत. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये स्वसंरक्षणाचा हक्क दिलेला असून तो दुसऱ्याच्या शरीराचे रक्षण करणाऱ्यालाही मिळतो. मात्र बचावासाठी आवश्यक तेवढाच बळाचा वापर त्यात बसतो. धोका टळल्यावर पळणाऱ्याला गाठून बडवणे बसत नाही. चोराला नागरिकांनी पकडलेच, तर विनाविलंब आणि जास्तीत जास्त सहा तासांत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावे लागते.

ज्येष्ठांसाठी वेगळी बैठक होईल. ‘पुढे खून झाला आहे, दागिने काढून पिशवीत ठेवा’ असे सांगणारे तोतया पोलीस आणि व्हिडिओ कॉलवरून ‘डिजिटल अटक’ झाल्याची बतावणी करणारे भामटे यांच्यापुढे कराटेचा उपयोग नाही. तशी अटक कोणत्याही कायद्यात नाही. पैसे गेलेच तर तत्काळ 1930 या क्रमांकावर कळवायचे असते, आणि रस्त्यावरील कोणत्याही संकटात 112.

दुसरा उपक्रम ‘रात्रसोबत’. रात्री साडेनऊ ते साडेबारा या वेळेत घणसोली आणि कोपरखैरणे स्टेशनबाहेर ओळखपत्र व जाकीट घातलेले चार-चार स्वयंसेवक, त्यांत किमान दोन महिला, थांबतील आणि वसाहतीच्या दिशेने जाणाऱ्या महिला, विद्यार्थी व वृद्ध यांना गटाने घरापर्यंत सोबत करतील. स्वयंसेवकांची नावे पोलीस ठाण्याला आधी कळवली जातील. कोणाची चौकशी करणे, झडती घेणे किंवा कोणाला अडवणे हे त्यांचे काम असणार नाही.

एकूण अंदाजित खर्च 1,70,000 रुपये आहे. त्यात मॅटसाठी 60,000, दोन प्रशिक्षकांच्या सहा महिन्यांच्या मानधनासाठी 72,000, सरावाच्या पॅडसाठी 18,000, जाकिटे, टॉर्च व शिट्ट्यांसाठी 15,000 आणि छपाईसाठी 5,000 रुपये धरले आहेत. सभासदांकडून 46,000 रुपये जमले असून 1,24,000 रुपये कमी पडत आहेत. वर्गासाठी शुल्क घेतले जाणार नाही, कारण ज्यांना त्याची सर्वाधिक गरज आहे त्या घरकाम करणाऱ्या ताई शुल्क ठेवले तर येणार नाहीत. गल्लीतील बंद दिव्यांसाठी मात्र कृपया देणगी देऊ नये. ती महापालिकेची जबाबदारी आहे आणि त्यासाठी आम्हाला निवेदनावर आपल्या सह्या हव्या आहेत.

पैसे देणे शक्य नसेल तर वेळ द्यावा. निवृत्त पोलीस व सैनिक, वकील, ज्यूदो किंवा कुस्ती शिकलेल्या महिला आणि आठवड्यातून एक रात्र देऊ शकणारे कोणीही चालेल. जुन्या पण धड असलेल्या मॅट एखाद्या शाळेकडे किंवा व्यायामशाळेकडे असतील तर त्याही आनंदाने स्वीकारू.

देणगी मंडळाच्या कार्यालयात सायंकाळी 6 ते 8 या वेळेत, शक्यतो धनादेशाने द्यावी आणि क्रमांक असलेली छापील पावती घेतल्याशिवाय निघू नये. मंडळ नोंदणीकृत असले तरी देणगीवर 80-जीची करसवलत मिळणार नाही. क्यूआर कोड फक्त कार्यालयातील फलकावर लावला आहे. मोबाईलवर आलेली कोणतीही लिंक आमची समजू नये. जमाखर्च दर महिन्याच्या 5 तारखेला त्याच फलकावर लावला जाईल. नवरात्रात मुली रात्री उशिरापर्यंत बाहेर असतात, म्हणून घटस्थापनेपूर्वी ‘रात्रसोबत’ सुरू व्हावी असा प्रयत्न आहे. त्यासाठी देणग्या आणि स्वयंसेवकांची नावे अनंत चतुर्दशीपर्यंत पोहोचावीत, ही विनंती.

आपले नम्र,
अध्यक्ष, सचिव, खजिनदार आणि कार्यकारिणी सदस्य