गाडी केव्हाच निघालेली असते

महोदय,

गेल्या आठवड्यात याच सदरात एका भगिनींचे पत्र होते. शेजारच्या फ्लॅटला आग लागली म्हणून त्यांनी १०१ लावला, तर पलीकडचा माणूस गाडी पाठवायची सोडून चौकशाच करत बसला, अशी त्यांची तक्रार. राग खरा आहे. जिन्यात धूर भरत असताना 'कितवा मजला?' हा प्रश्न कोणालाही उद्धटच वाटणार. पण त्या फोनच्या पलीकडच्या टोकाला, अग्निशमन दलाच्या कंट्रोल रूममध्ये, मी १७ वर्षे बसलो आहे, म्हणून हे पत्र. कुठल्या महापालिकेत, ते मुद्दाम लिहीत नाही. पेन्शन अजून तिथूनच येते.

एक गोष्ट आधी सांगतो. पत्ता कळला की गाडी निघते. बाकीचे प्रश्न गाडी निघाल्यानंतरचे असतात. रिसीव्हर डाव्या कानाला, उजवा हात बेलवर. तुम्ही चौक आणि सोसायटी सांगितलीत की त्या हद्दीच्या केंद्रात घंटा झालेली असते, तांडेल (म्हणजे जवानांचा म्होरक्या) आणि पोरे बुटात पाय घालत असतात. तुम्हाला ते दिसत नाही, तुम्हाला फक्त माझी बडबड ऐकू येते. मजला विचारतो, कारण वरचा असेल तर उंच शिडीची गाडी दुसऱ्या केंद्रातून काढावी लागते आणि ती जड गाडी बंबाच्या मागून रांगत येते. काय जळतेय ते विचारतो, कारण तेल किंवा रसायन असेल तर नुसत्या पाण्याने भागत नाही, फोम लागतो. आत कोणी अडकलेय का, हे कळले तर पाठीला हवेचा सिलिंडर लावून आत शिरणारा जवान गाडीतच तयार होतो. तुमचे प्रत्येक उत्तर मी वायरलेसवर वाटेतल्या गाडीला देत असतो. तुम्ही 'अहो, आधी गाडी पाठवा!' म्हणून ओरडता तेव्हा गाडी एखाद दुसरा सिग्नल ओलांडून गेलेलीही असते.

उलट प्रकार फार वाईट. 'आग लागलीय, लवकर या!' आणि खट्‌कन फोन बंद. कुठे यायचे? आता निदान नंबर दिसतो, पण परत लावावा तर बिझी. तो माणूस एव्हाना मेहुण्याला फोन करत असतो, नाहीतर व्हिडिओ काढत असतो.

आमच्याकडे आगीच्या खबरीला वर्दी म्हणतात. माझ्या हातून चुकलेली एक वर्दी सांगतो. मोबाइल नुकते आले होते, तेव्हाची गोष्ट. रात्री पावणेदोनला फोन आला: गणेशनगर, मारुतीच्या देवळामागे, लाकडाला आग. मी घंटा दिली, गाडी गेली. चार मिनिटांनी वायरलेसवर केंद्र अधिकाऱ्यांचा आवाज आला, 'कंट्रोल, इथे देऊळ आहे, आग नाही.' गणेशनगरे शहरात एकाहून जास्त आहेत हे मला ठाऊक होते. मारुतीची देवळे तर विचारूच नका. पण मला जे जवळचे वाटले तेच खरे धरून मोकळा झालो. दुसऱ्या गणेशनगरात गाडी पोहोचेपर्यंत ११ मिनिटे फुकट गेली होती आणि फर्निचरचा तो छोटा कारखाना पत्र्यासकट खाली आला होता. जीवितहानी झाली नाही, हे नशीब. तिसऱ्या दिवशी कारखान्याचे मालक पंचनाम्याच्या कागदासाठी ऑफिसात आले. कोणीतरी त्यांना चुकून कंट्रोलमध्ये पाठवले. माझ्यासमोर खुर्चीवर बसले, पाणी मागितले, प्यायले. फोन मी घेतला होता हे त्यांना माहीत नव्हते. मी सांगितलेही नाही.

त्यानंतर मी एक वही केली. दोनशे पानी, निळ्या पुठ्ठ्याची. एकाच नावाच्या वस्त्या, गल्ल्या, चाळी तिच्यात उतरवल्या. गणेशनगर सहा निघाली, साईनगर चार, 'पाण्याच्या टाकीजवळ' अशा जागा तर डझनभर. पोस्टमन, मीटर रीडिंगवाले आणि झाडूवाल्या मावश्यांकडून मिळालेली माहिती नकाशाहून पक्की निघाली. लोक पाटीवरचे नाव सांगतच नाहीत हेही तेव्हाच लक्षात आले. इथे पुण्यात नाही का, छत्रपती संभाजी पूल म्हटले तर दहातले सात जण बुचकळ्यात पडतील आणि लकडी पूल म्हटले की शेंबडे पोरही बोट दाखवील. लाकूड त्या पुलात कुठे आहे? आमच्या शहरातही पाडलेल्या थिएटरच्या आणि बंद झालेल्या जकात नाक्याच्या खुणेवर पत्ते सांगितले जात. कंट्रोलमध्ये बसणाऱ्याला आजचे शहर माहीत हवेच, आणि नाहीसे झालेलेही.

लक्ष्मीपूजनाची रात्र म्हणजे आमची परीक्षा. साडेसातपासून फोन सुरू होतात. गॅलरीतल्या वाळत घातलेल्या चादरीवर बाण, पत्र्यावरचा पालापाचोळा, गोडाऊनवरची ताडपत्री. एका मोठ्या आगीचे पन्नास फोन येतात. पन्नासही जणांना वाटते आपणच पहिले. एकावन्नाव्याला 'हो हो, गाडी गेलीय' म्हणून फोन ठेवावासा वाटतो, आणि तेच करायचे नसते. तो एकावन्नावा कदाचित पलीकडच्या गल्लीतल्या दुसऱ्याच आगीबद्दल सांगत असतो. म्हणून दर वेळी तोच प्रश्न, त्याच आवाजात: कुठून बोलताय? त्या रात्री माझा घसा बसायचा आणि बायको म्हणायची, फटाके न उडवता तुमचाच आवाज जातो.

आता ११२ चे, म्हणजे पोलीस, आग, रुग्णवाहिका सगळ्यांसाठीच्या एकाच नंबरचे. महाराष्ट्रात ११२ लावला की फोन आधी नवी मुंबईला नाहीतर नागपूरला उचलला जातो आणि तिथून तुमच्या शहराकडे येतो. व्यवस्था चांगली आहे, विशेषतः रस्त्यात अडकलेल्या बाईमाणसाला. पण तिथे बसलेल्या मुलीला तुमच्या आळीचे नाव ठाऊक असण्याचे कारण नाही. तिला सांगताना शहर, तालुका, पिनकोड यापासून सुरुवात करा. १०१ चेही एक सांगून ठेवतो. शहराच्या हद्दीवर राहत असाल तर मोबाइलचा टॉवर कधी कधी शेजारच्या गावाला फोन देतो. आम्हाला असे फोन आले की आम्ही ते लिहून घेऊन पुढे कळवत असू, पण दोन मिनिटे जात. आपल्या जवळच्या अग्निशमन केंद्राचा साधा नंबर मोबाइलमध्ये ठेवलेला बरा.

शहरात ५ ते ७ मिनिटांत गाडी पोहोचावी, हा स्थायी अग्निशमन सल्लागार समितीचा जुना निकष. गाडी उशिरा आली की बातमीत अरुंद गल्ली येते, वाटेत लावलेल्या मोटारी येतात. ते बरोबरच आहे. पण त्या आधीच्या एका मिनिटाबद्दल कोणी लिहीत नाही. ते मिनिट फोनवर जाते.

आणि त्या फोनवर कोणाला बसवतात? मी कसा आलो ते सांगतो. एका जुन्या वाड्याचा जिना माझ्यासकट कोसळला, गुडघा गेला. साहेब म्हणाले, 'आता हलकी ड्युटी घे, कंट्रोलला बस.' प्रशिक्षण म्हणून मिळाली एक वही, एक पेन आणि 'नीट ऐक' एवढा उपदेश. गुडघे गेलेले, दमा झालेले आणि साहेबांच्या मनातून उतरलेले, अशी आमची भरती. तरी आम्ही निदान आगीत जाऊन आलेलो होतो. 'धूर काळा आहे की पांढरा' हे विचारण्यामागचे कारण आम्हाला माहीत होते. मी निवृत्त झाल्यावर तिथे कंत्राटी मुले आली. हुशार आहेत, कॉम्प्युटर झरझर चालवतात. पण बारा तासांच्या पाळीला दोघे, त्यातला एक जेवायला गेला की एकटा, आणि सहा-आठ महिन्यांत सोडून जाणारा. शहर कळायला तेवढ्यात काय होणार? माझी निळी वही त्यांना दिली होती. मागच्या वर्षी गेलो तेव्हा ती प्रिंटरखाली होती, प्रिंटर एका बाजूला कलत होता म्हणून.

दरवर्षी १४ ते २० एप्रिल अग्निशमन सेवा सप्ताह असतो. १४ एप्रिल १९४४ ला मुंबईच्या गोदीत 'फोर्ट स्टिकीन' बोटीचा स्फोट झाला, ६६ जवान गेले, त्यांची ती आठवण. आठवडाभर शाळेच्या मैदानावर पाण्याचे फवारे, दोरीवरून उतरणे, मुलांच्या टाळ्या. फोटो छान येतात. या वर्षी आपल्या एखाद्या बातमीदाराने एक रात्र कंट्रोल रूममध्ये बसावे, अशी विनंती आहे. फोटो काढण्यासारखे तिथे काही नाही.

त्या भगिनींना, आणि सगळ्याच सोसायट्यांना, एक सुचवतो. रात्री आग पहिल्यांदा पाहतो तो वॉचमन. बिचारा चार महिन्यांपूर्वी गावाहून आलेला असतो, त्याला बिल्डिंगचे नावसुद्धा धड सांगता येत नाही. आमच्या सोसायटीत मी एका पुठ्ठ्यावर संपूर्ण पत्ता, जवळची खूण, कुठल्या फाटकातून मोठी गाडी आत येते आणि १०१, हे सगळे मराठी-हिंदीत ठसठशीत लिहून त्याच्या केबिनमध्ये टांगले. दसऱ्याच्या रंगकामात सेक्रेटरींनी ते काढून टाकले, भिंत खराब दिसते म्हणाले. मी नवीन लिहिले आहे. या वेळी खिळ्याऐवजी स्क्रू लावला आहे.

आपला,
एक निवृत्त नियंत्रण कक्ष कर्मचारी, पुणे
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)